आधार : शोधावा कसा, तोलावा कसा

न्यायालयांत एखादा साक्षीदार जेव्हां म्हणतो कीं, "ही गोष्ट साऱ्या गांवाला ठाऊक आहे," तेव्हां समोरचा वकील त्याला एवढेंच विचारतो : "तें असूं द्या, तुम्हांला ती कशी ठाऊक झाली?" या एका प्रश्नासरशीं पुष्कळशा साक्षी ढासळतात. विचारीत गेलें असतां असें आढळून येतें कीं, पांचहि जणांनीं ती गोष्ट एकाच माणसाकडून ऐकलेली असते, आणि त्या माणसानेंहि ती डोळ्यांनीं पाहिलेली नसते. शास्त्रीय लेखनांतील 'आधार' या शब्दाचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल, तर प्रथम हा प्रश्न ध्यानांत धरावा. पानाच्या तळाशीं दिलेली टीप ही शोभेची झालर नव्हे. "हें आपणांस कसें ठाऊक झालें ?" या वाचकाच्या प्रश्नास ग्रंथकारानें दिलेलें तें उत्तर आहे.

विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा येथेंच होते. तो ग्रंथालयांत जातो, आपल्या विषयावरील दहा पुस्तकें काढतो, आणि दहांतहि एकच विधान आढळलें म्हणजे दहा आधार मिळाले अशा समाधानानें पुढें जातो. परंतु नऊ ग्रंथकारांनीं तें विधान दहाव्याच्या ग्रंथांतून उचललें असेल, तर आधार एकच ठरतो. आणि तो दहावाहि कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहीत असेल, तर तोहि हातचा जातो. आधार मोजावयाचे नसतात, तोलावयाचे असतात. हें तोलणें नियम पाठ करून साधत नाहीं. मराठी माणसाच्या अगदीं जिव्हाळ्याच्या एका प्रश्नाचा उलगडा कसा होत गेला, हें पाहिलें म्हणजे तें लवकर उमगतें. तो प्रश्न म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शाळेंत शिकलेल्या मुलाला महाराजांचें जन्मवर्ष विचारलें असतें, तर त्यानें १६२७ असें सांगितलें असतें. शालेय पुस्तकांच्या मागें जेम्स ग्रँट डफ याचा १८२६ सालीं प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास उभा होता. डफ हा साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधि होता. मराठी कागद व बखरी त्यानें परिश्रमपूर्वक जमविल्या होत्या, आणि त्याच्या ग्रंथाची योग्यता आजहि कोणी नाकारीत नाहीं. परंतु जन्मवर्षाच्या बाबतींत त्याच्याहि मागें जावें, तर बखरींची परंपरा लागते. तींतील सुप्रसिद्ध अशी मल्हार रामराव चिटणीस यांची बखर साताऱ्यासच १८१० च्या सुमारास लिहिली गेली. बखरींतून आलेली ही तिथि शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ च्या एप्रिल महिन्यांतील आहे. जन्मापासून या बखरीपर्यंत सुमारें १८० वर्षें लोटलीं होतीं. चिटणिसांचें घराणें दरबारच्या लेखनाचें काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेलें. त्यांच्यापाशीं जुने कागद असण्याचा संभव पुष्कळ. तथापि तिथि कोणत्या कागदावरून घेतली हें कळण्यास मार्ग नाहीं. शालेय पुस्तकापासून डफपर्यंत आणि डफपासून बखरीपर्यंत साखळीच्या कड्या नीट जुळतात; शेवटची कडी मात्र कशांतहि अडकविलेली नाहीं.

येथें साधनांचे दोन वर्ग करणें अवश्य होतें. घटना घडली त्या काळीं, त्या घटनेशीं संबंध असलेल्या माणसानें लिहिलेला कागद हें अस्सल साधन. अशा कागदांवरून किंवा ऐकीव माहितीवरून मागाहून रचलेला ग्रंथ हें दुय्यम साधन. पत्र, हिशेबाचा कागद, निवाडा, शिलालेख हीं पहिल्या वर्गांत मोडतात. बखर, चरित्र, इतिहासग्रंथ हीं दुसऱ्या वर्गांत. हा भेद मराठी वाचकांच्या मनावर बिंबविण्याचें श्रेय मुख्यतः विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस आहे. वाई येथें मिळालेल्या पत्रांचा त्यांनीं संपादिलेला 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि पुढें या मालेचे बावीस खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली तीहि याच कामासाठीं. बखरी टाकून द्याव्या असा याचा अर्थ नव्हे. बखरींतील विधान अस्सल कागदानें पडताळून घेतल्यावांचून त्यावर भार टाकूं नये, इतकाच त्याचा अर्थ.

पडताळा पाहण्याची संधि जन्मतिथीच्या बाबतींत १९१६ सालीं आली. पुणें जिल्ह्यांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांत एक जुनी शकावली जतन झाली होती. याच घराण्यांतील कान्होजी जेधे हे महाराजांचे आरंभापासूनचे साथीदार. ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली आणि त्यांनीं ती मंडळाच्या वृत्तांत प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शकवार केलेली घटनांची नोंद. वर्णन नाहीं, अलंकार नाहीं, स्तुति नाहीं. जेध्यांच्या शकावलींत १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या नोंदी आहेत, आणि तींत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार या दिवशीं झाला असें लिहिलें आहे. इंग्रजी कालगणनेनें ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते. एका ओळीनें तीन वर्षांचा फरक पडला.

नवा कागद मिळाला म्हणून जुनें मत तत्क्षणीं टाकून देणें हाहि उतावळेपणाच होय. कागदाची उलटतपासणी व्हावयास पाहिजे. तो कोणाच्या संग्रहांतून आला ? लिहिणारा कोण ? समोर आहे तें मूळ कीं नक्कल ? लिहिणाऱ्यास ती गोष्ट ठाऊक असण्याचा संभव किती, आणि खोटें लिहिण्यांत त्याचा कांहीं लाभ होता काय ? या शकावलीवर लिहिणाराचें नांव नाहीं; ही तिची उणी बाजू. उलट, जन्मवर्ष तीन वर्षें पुढें ढकलण्यांत जेध्यांच्या घराण्याचा कांहीं लाभ दिसत नाहीं. ही तिची जमेची बाजू. शिवाय ज्या नोंदी इतर मार्गांनीं तपासतां येतात त्या तपासून पाहाव्या, आणि त्या खऱ्या उतरल्या तर उरलेल्या नोंदींचें वजन त्या मानानें वाढतें, हा सर्वमान्य न्याय आहे.

तपासण्याचा एक मार्ग तर पंचांगानेंच हातीं दिला आहे. जुना लेखक शक, संवत्सराचें नांव, महिना, तिथि आणि वार हीं सारीं देत असेल, तर त्यांचा मेळ बसलाच पाहिजे. शकाचा एक आंकडा नक्कल करतांना चुकूं शकतो. पण वार आणि संवत्सर हे त्या चुकीवर पहारा ठेवून असतात. दिवाण बहादूर स्वामीकन्नू पिल्ले यांनीं सन ७०० पासून १७९९ पर्यंतच्या तिथींचीं कोष्टकें १९२२ सालीं प्रसिद्ध केलीं, तेव्हांपासून हा ताळा सामान्य अभ्यासकासहि पाहतां येऊं लागला. अफजलखानाच्या वधाची तिथि शके १५८१, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. ती १० नोव्हेंबर १६५९ ला येते आणि त्या दिवशीं गुरुवारच होता. महाराजांच्या निधनाची तिथि शके १६०२, चैत्र शुद्ध पौर्णिमा, शनिवार. ती ३ एप्रिल १६८० ला येते आणि वार जुळतो. फाल्गुन वद्य तृतीयेचा शुक्रवारहि असाच जुळतो.

येथें एक खांचखळगा आहे व त्यांत पुष्कळ विद्यार्थी पडतात. १९ फेब्रुवारी १६३० हा मंगळवार होता, असें आजचीं कांहीं गणितयंत्रें सांगतील, आणि मग शकावलीच खोटी असा निष्कर्ष कोणी काढील. वास्तविक ती तारीख जुन्या, म्हणजे ज्यूलियन पंचांगाची आहे. इंग्रजांनीं नवें पंचांग १७५२ सालीं स्वीकारलें. तोंपर्यंतच्या त्यांच्या तारखा सतराव्या शतकांत नव्या गणनेहून दहा दिवस मागें असत. नव्या गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० येतो, आणि तो शुक्रवार आहे. आधार खरा असूनहि त्याची भाषा न कळल्यामुळें तो खोटा ठरावा, याहून मोठा अन्याय नाहीं.

तथापि पंचांगाचा ताळा जमला म्हणजे तिथि शक्य ठरते. ती खरी ठरतेच असें नाहीं. मागाहून लिहिणाराहि पंचांग समोर ठेवून बिनचूक वार लिहूं शकेल. म्हणून दुसरा साक्षीदार शोधावा लागतो, आणि त्यानें पहिल्याचें ऐकून बोलतां कामा नये. असा साक्षीदार तंजावरास मिळाला. महाराजांच्या आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंद यांनीं रचलेलें 'शिवभारत' हें संस्कृत काव्य तेथील सरस्वती महाल ग्रंथालयांत होतें. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें संपादिलें आणि मंडळानें १९२७ सालीं तें छापलें. त्यांतहि शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथि आहे. शके १५५१ चें संवत्सर शुक्लच येतें. तिसरी साक्ष जोधपूरच्या एका जन्मपत्रिकासंग्रहांतून आली. तेथें महाराजांची पत्रिका मिळाली व ती याच वर्षाची आहे. मावळांतील देशमुखाच्या घरची मराठी शकावली, कावेरीकांठच्या ग्रंथालयांतील संस्कृत काव्य आणि राजस्थानांतील ज्योतिष्याची पत्रिका. तीन प्रांत, तीन प्रकारचे लेखक, तीन निरनिराळे हेतु. आणि वर्ष एक. दहा शालेय पुस्तकांच्या एकमताहून या तिघांच्या एकमताचें वजन अधिक कां, हें आतां वेगळें सांगावयास नको.

तरीहि मत बदलण्यास वेळ लागला. १९२७ सालीं १६२७ हें जन्मवर्ष धरून महाराजांचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला, आणि त्याच सालीं १६३० ची साक्ष देणारें 'शिवभारत' छापून बाहेर आलें. वाद पुढेंहि अनेक वर्षें चालू राहिला. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत म्हणून स्वीकारली. तीन वर्षांच्या फरकानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. अफजलखानास भेटावयास निघालेला पुरुष बत्तीस वर्षांचा होता कीं एकोणतीस वर्षांचा. राज्य स्थापून, अभिषेक करवून, दक्षिण जिंकून तो त्रेपन्नाव्या वर्षाच्या सीमेवर निवर्तला कीं पन्नासाव्या वर्षाच्या, हें ज्याला समान वाटतें त्यानें इतिहास कशाला लिहावा? ज्या पुरुषाचें नांव प्रत्येक घरांत घेतलें जातें त्याच्या आयुष्याचा पहिला आंकडाहि पिढ्यान्‌पिढ्या तपासल्यावांचून घोकला जात होता, ही गोष्ट अभ्यासकाला सावध करण्यास पुरेशी आहे.

या उदाहरणावरून आधार शोधण्याची रीत ठरवितां येते. आरंभ नव्या ग्रंथापासून करावा आणि त्याच्या टिपांचा माग काढीत मागें जावें. जेथें टिपा संपतात तेथेंच खरें काम सुरू होतें. जुना ग्रंथ हातीं आला म्हणजे त्याच्यानंतर त्यावर कोणीं काय टीका केली तेंहि पाहावें. ग्रँट डफच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ सालींच टीका लिहिली होती. ती न वाचतां डफचा आधार देणारा विद्यार्थी अर्धेंच वाचतो. ग्रंथालयाची सूचि पाहण्याची संवय लावावी, आणि ग्रंथपालास प्रश्न विचारण्याचा संकोच धरूं नये. पुण्याचें पेशवे दप्तर, संशोधक मंडळ, १८०४ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह, गोव्यांतील पोर्तुगीज कागद, तंजावरचें ग्रंथालय हीं सारीं दारें ठोठावण्यासाठींच आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. त्यांचा उपयोग अपार आहे. परंतु निवडलेले कागद म्हणजे संपादकाच्या नजरेंतून पाहिलेले कागद, हें विसरूं नये. न निवडलेले कागद रुमालांत तसेच बांधलेले असतात, आणि ते वाचावयाचे तर मोडी लिपि आली पाहिजे.

मिळालेल्या आधाराची टिपणें कशीं ठेवावीं यावर पुढील सारा प्रामाणिकपणा अवलंबून असतो. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी. ग्रंथाचें नांव, संपादक, प्रकाशनाचें वर्ष आणि पृष्ठांक हीं गोष्टीच्या आधीं लिहावीं. नंतर लिहूं म्हटलें कीं तीं राहून जातात. ग्रंथकाराचे शब्द जसेच्या तसे उतरले असतील तर त्यांस अवतरणचिन्हें तेव्हांच घालावीं. सारांश केला असेल तर तसें नमूद करावें, आणि स्वतःचें मत वेगळ्या शाईनें लिहावें. सहा महिन्यांनीं चिठ्ठी हातीं येते तेव्हां कोणते शब्द कोणाचे हें लिहिणारालाहि आठवत नाहीं. दुसऱ्याचें लेखन आपलें म्हणून छापलें जाण्याचीं कित्येक उदाहरणें चोरीच्या बुद्धीनें घडलेलीं नसून अशा निष्काळजी टिपणांतून घडलेलीं असतात. वाचकाला मात्र तीं दोन्ही सारखींच दिसतात.

आधार देतांना पाळावयाचा पहिला नियम असा कीं, जें डोळ्यांनीं पाहिलें त्याचाच आधार द्यावा. जेधे शकावली दुसऱ्या ग्रंथांतील उताऱ्यावरून वाचली असेल, तर "अमुक ग्रंथांत उद्धृत केल्याप्रमाणें" असें स्पष्ट लिहावें. मूळ शकावलीचें नांव देऊन त्या मधल्या ग्रंथकारास पडद्याआड करूं नये. त्याची वाचनांत चूक झाली असेल तर ती आपल्या माथीं बसते, आणि चूक झाली नसेल तर त्याच्या श्रमांचें ऋण बुडविल्याचा दोष लागतो. दुसरा नियम असा कीं, विरुद्ध जाणारा आधार झांकूं नये. १६३० चा पुरस्कर्ता बखरींची साक्ष सांगतच नसेल, तर वाचकानें त्याच्याविषयीं संशय घ्यावा; ती सांगून ती कमी वजनाची कां, हें जो दाखवितो त्याच्यावरच विश्वास ठेवावा. तिसरा नियम शब्दांच्या मापाचा. "सिद्ध होतें," "संभवनीय आहे," आणि "परंपरा अशी आहे" हीं तीन निरनिराळीं मापें आहेत, व पुरावा जेवढा असेल तेवढेंच माप वापरावें.

अलीकडे ग्रंथांचीं पानें छायारूपानें घरबसल्या पडद्यावर येऊं लागलीं आहेत. एके काळीं ज्या उताऱ्यासाठीं पुण्याची वारी करावी लागे तो क्षणांत समोर येतो, ही सोय लहान नाहीं. परंतु यंत्र शब्द शोधून देतें. तो शब्द उच्चारणारा साक्षीदार विश्वासू आहे कीं नाहीं, हें सांगत नाहीं. आणि एकच चूक शंभर ठिकाणीं उतरली गेली म्हणजे पडद्यावर ती शंभर वेळां दिसते. कांहीं यंत्रें तर विचारलें असतां अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथाचें नांव, वर्ष आणि पृष्ठांक बेधडक सांगतात. अशा वेळीं तोच जुना नियम उपयोगी पडतो : पान उघडून पाहिल्यावांचून त्याचा आधार द्यावयाचा नाहीं.

हा सारा उद्योग पंडितांचा, गृहस्थाला त्याचें काय, असें मात्र समजूं नये. जेध्यांच्या घरीं कोणा एका पिढीनें जुना कागद म्हणून ती शकावली रद्दींत घातली असती, तर मंडळानें कितीहि परिश्रम केले असते तरी ती ओळ परत आली नसती. कारीच्या त्या घरानें ती जपली, योग्य माणसाच्या हातीं दिली, आणि छापणाऱ्यानें ती कोठून मिळाली हें नमूद केलें. या तीन गोष्टींवर महाराष्ट्राचा एक प्रश्न सुटला. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर, पेटीच्या तळाशीं, रुमालांत बांधलेले मोडी कागद असतील. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतील, जमिनीचे निवाडे असतील, काशीयात्रेहून आलेलीं पत्रें असतील. ते वाचतां येत नसले तरी वाळवीपासून दूर ठेवावे. कोणाचे, कोठून आलेले, कोणत्या पेटींत होते, हें एका चिठ्ठीवर लिहून तिच्यावर तारीख घालावी. आणि मग एखाद्या जाणत्या माणसाला दाखवावे. "हें आपणांस कसें ठाऊक झालें ?" असें पुढें केव्हां तरी एखादा अभ्यासक विचारील. त्या वेळीं त्याला द्यावयाचें उत्तर कदाचित् त्याच चिठ्ठीवर लिहिलेलें असेल.